चाळीस पावलं अलीकडे

नोर्जमा यांच्या टेबलावर आलेला कागद एका पानाचा होता आणि त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. सार्जंट शारव, वय सत्तावीस, याने दक्षिण सुदानला जाण्यापूर्वी मानवी हक्क आणि युद्धकाळातील कायदा या विषयाचा अठरा तासांचा वर्ग पूर्ण केला. एकही तास चुकवला नाही. ‘रहिवाशाच्या परवानगीशिवाय कोणत्याही घरात शिरू नये’ हा नियम त्याला सहाव्या पाठात शिकवण्यात आला. परीक्षेत त्याला पन्नासपैकी सेहेचाळीस गुण मिळाले. खाली शिक्षिकेच्या सहीसाठी रेघ मारलेली होती.

कागद घेऊन आलेला कारकून उभाच राहिला. त्याला तो लगेच परत न्यायचा होता.

“ठेवून जा,” नोर्जमा म्हणाल्या.

“बग्श, नुसती सही तर आहे.”

“म्हणूनच ठेवून जा.”

आमच्याकडे मंगोलियात शिक्षकाला बग्श म्हणतात, आणि एकदा शिकवले की माणूस मरेपर्यंत बग्शच राहतो. पुढे जनरल झालेला विद्यार्थीसुद्धा नाव घेत नाही. हा कारकूनही कधीतरी त्यांच्या वर्गात बसला होता. तो कागद ठेवून गेला.

शारववरची शिस्तभंगाची चौकशी अकरा दिवसांवर आली होती. नियम शिकवला होता हे सिद्ध झाले की तो जाणूनबुजून मोडला हेही सिद्ध होणार, आणि मग त्याला सैन्यातून काढणार, हे उलानबातरमधल्या त्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक होते. अशी प्रकरणे लांबत नाहीत. परदेशी गेलेल्या तुकडीवर एक डाग पडला की तो लवकर पुसायचा असतो.

नोर्जमा तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. दुंदगोवीतल्या पशुपालकांची मुलगी, इर्कुत्स्कला कायदा शिकून १९८८ साली परतली आणि विद्यापीठात ‘राज्य आणि कायदा’ हा विषय शिकवू लागली. दोन वर्षांत देश बदलला आणि त्यांचा विषयच उरला नाही. कपाटातल्या दोनशे पुस्तकांपैकी त्यांनी अकरा ठेवली, बाकीची तळघरात गेली. नव्वदीच्या दशकात त्या सकाळी तास घेत आणि दुपारी बाजारात थर्मास विकत. चिनी सरहद्दीवरून पोती भरून थर्मास आणणाऱ्या प्राध्यापकांची तेव्हा शहरात कमी नव्हती. शेजारी भूगोलाचे एक डॉक्टर मोजे विकायचे. त्या बाजारात, पालथ्या खोक्यावर बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात नोर्जमा यांनी युद्धकायद्यावरची एक रशियन पुस्तिका मंगोलियनमध्ये उतरवली. कुणी सांगितले नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, वाचायला तेवढेच एक पुस्तक हाताशी होते आणि थंडीत नुसते बसवत नाही.

पुढे आमचे सैनिक शांतिसेनेत जाऊ लागले. त्यांना हा कायदा शिकवायला कुणीतरी हवे होते, आणि विधी विभागात तो वाचलेल्या त्या एकट्याच होत्या. एका सकाळी सैन्याचा ट्रक त्यांना शहरापासून साठेक किलोमीटरवरच्या प्रशिक्षणतळावर घेऊन गेला. पहिला वर्ग भोजनगृहात भरला. चाळीस सैनिक, मटणाच्या सुपाचा वास, खिडकीबाहेर वारा. तासभर त्यांनी कलमे वाचून दाखवली. कुणी काही लिहून घेतले नाही. मागच्या बाकावर दोघे झोपले होते आणि त्यातला एक घोरत होता.

मग त्यांनी पुस्तक मिटले आणि १९७४ सालची हकीकत सांगितली. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. मार्च महिन्यात धुळीचे आणि बर्फाचे वादळ आले. चुकलेल्या दोन कोकरांच्या मागे त्या गेल्या आणि स्वतःच चुकल्या. दुपारी एक गेर दिसले, नमद्याचे गोल घर. ओळखीचे नव्हते. दाराला बाहेरून दोरी बांधलेली होती, ती लांडग्या-कुत्र्यांसाठी. माणसासाठी तिचा अर्थ एवढाच की मालक बाहेर आहेत. त्यांनी दोरी सोडली, कोकरांना आत घेतले, चुलीत रानशेणी घातल्या, भांड्यातले उकडलेले मटण खाल्ले आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशी घरधनी परतला. म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिले, शेण्यांच्या ढिगाकडे पाहिले आणि तो संतापला. “एवढ्या थंडीत एवढ्याच जाळल्यास? मेली असतीस तर तुझ्या आईला काय सांगायचं आम्ही?”

ही गोष्ट संपवून नोर्जमा सैनिकांना म्हणाल्या होत्या, “परक्या गावात असं वागा, जसा आपल्याकडे चांगला पाहुणा वागतो.” घोरणारा जागा झाला होता. सगळ्यांनी वाक्य लिहून घेतले.

त्यानंतर एकोणीस वर्षे प्रत्येक तुकडीचा पहिला पाठ याच वाक्याने सुरू झाला. याच विषयावर त्यांनी डॉक्टरेट केली, शोधनिबंध लिहिले, आणि शेवटी सगळ्या तुकड्यांना लागणारे पाठ्यपुस्तक लिहिले. ते मंत्रालयात मंजुरीसाठी पडून होते. पहिल्या प्रकरणाचे नाव ‘चांगला पाहुणा’. चौदा वर्षे सहयोगी प्राध्यापक राहिलेल्या नोर्जमांची बढती त्या पुस्तकावर अडली होती, आणि निवृत्ती जवळ आली होती.

कारकून गेल्यावर त्यांनी शारवचा चार पानी जबाब वाचायला घेतला. त्यांना तो पाठवण्याची गरज नव्हती. चुकून सोबत जोडला गेला होता.

प्रकार साधा होता. तळापासून अकरा किलोमीटरवर गस्तीची गाडी चिखलात रुतली. पाणी संपले. शारवने दोघांना गाडीपाशी ठेवले आणि जवळच्या झोपडीकडे एकटा गेला. जबाबात पुढे असे होते: ‘मी लांबूनच कुत्रा धरा म्हणून ओरडलो. उत्तर आले नाही. कुत्राही नव्हता. दाराला गवताची ताटी होती, कुलूप नव्हते. ताटी बाजूला केली. आत कोणी नव्हते. रांजणातले पाणी भोपळ्याच्या तुंब्याने दोनदा प्यालो. बाकी कशाला हात लावला नाही. उलट्या ठेवलेल्या भांड्यावर आरूलच्या सात वड्या ठेवल्या, कारण घरातून काही घेतले तर काही ठेवून यावे. ताटी होती तशी लावली. मी चांगल्या पाहुण्यासारखा वागलो.’

आरूल म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या कडक वड्या. आमचा माणूस घराबाहेर पडताना खिशात त्या असतातच, सैनिक असो की मंत्री. आणि ‘कुत्रा धरा’ ही आमच्याकडची दारावरची थाप, कुणाच्याही घराकडे जाताना लांबूनच तसे ओरडतात.

शेवटचे वाक्य नोर्जमांनी दोनदा वाचले. मग त्या उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या आणि पाठाची वही काढली. परवानगीचा नियम सहाव्या पाठात होता, अकराव्या पानावर, अगदी स्पष्ट. चांगला पाहुणा पहिल्या पाठात होता. ही दोन पाने त्यांनी एकोणीस वर्षे एकाच वहीत ठेवली होती आणि ती एकमेकींशी भांडतात हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रशिक्षणतळावर गेल्या. तिथे पुढच्या तुकडीचे चौसष्ट जण शिकत होते. सहावा पाठ त्यांचा आठवड्यापूर्वीच झाला होता. नोर्जमांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि एकच प्रश्न सांगितला: गस्तीवर आहात, तहान लागली आहे, घर दिसते, आत कोणी नाही, दाराला कुलूप नाही. काय कराल? नाव लिहू नका, फक्त कुठे वाढलात ते लिहा.

चौसष्टपैकी एक्केचाळीस जणांनी आत जाईन असे लिहिले. त्या एक्केचाळिसांतले अडतीस गवताळ प्रदेशात वाढलेले होते. एकोणतीस जणांनी निघताना काहीतरी ठेवून येईन असे आपणहून लिहिले होते. एकाने लिहिले, ‘पाणी नसेल तर चहा टाकीन.’ दुसऱ्याने लिहिले, ‘आधी चूल विझली आहे का बघीन. विझली असेल तर पेटवून ठेवीन, बिचारे थंडीत परत येतील.’ दक्षिण सुदानमध्ये थंडी नसते हे त्याला तिसऱ्या पाठात शिकवले होते.

शहरातल्या सदनिकांमध्ये वाढलेल्यांपैकी मात्र जवळपास सगळ्यांनी लिहिले, ‘जाणार नाही.’ एकाने कारणही दिले होते: ‘शेजारी पोलिसांना बोलावतील.’

नोर्जमांनी कागद मोजले, पुन्हा मोजले, तक्ता केला. ही त्यांची सवय आहे. मन अस्वस्थ झाले की त्या तक्ता करतात.

दोन दिवसांनी शारव आला. त्याला विमानाने परत पाठवले होते आणि चौकशी संपेपर्यंत कोठारात ब्लँकेटांची यादी करण्याचे काम दिले होते. दणकट, लाल गालांचा, पश्चिमेकडच्या झावखान प्रांतातला. खोलीच्या उंबरठ्यावर पाय पडू नये म्हणून त्याने लांब टांग टाकली आणि टोपी हातात धरून उभा राहिला. नोर्जमांनी त्याला बसवले, खारा दुधाचा चहा दिला. तो प्यायला कचरत होता.

“पी,” त्या म्हणाल्या. “इथं मी घरात आहे.”

तो हसला नाही. खाली बघून म्हणाला, “बग्श, मी ताटी नीट लावली होती.”

त्याच्याशी तासभर बोलल्यावर त्यांना कळले की, त्याला अजूनही गुन्हा कळलेला नव्हता. गुन्हा झाला आहे हे त्याने मान्य केले होते, जशी थंडी मान्य करतात. त्या झोपडीची मालकीण घाबरली याचे त्याला वाईट वाटत होते. पण का घाबरली हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि त्याने विचारले तेव्हा वरिष्ठांनी प्रश्न विचारायची ही वेळ नाही असे सांगितले होते. आई फोनवर म्हणाली होती की, पाणी प्यालास ते ठीक, पण दूध नव्हतं का त्यांच्याकडे? तिलाही प्रकरण समजले नव्हते. सैन्यातली नोकरी गेली तर तो परत कळपाकडे जाईल का, असे नोर्जमांनी विचारले. कळप राहिलाच नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वीच्या बर्फात जनावरे मेली, म्हणून तर शारव सैन्यात आला होता. गणवेश गेला तर मागे काही नव्हते.

ती बाई का घाबरली हे नोर्जमांनाही ठाऊक नव्हते. फाइलमध्ये तिचे नाव होते, न्यारुआच, आणि गावप्रमुखाने दिलेल्या तक्रारीत दोन ओळी होत्या. म्हणून त्यांनी कॅप्टन सुव्द हिला फोन केला. सुव्द त्यांची जुनी विद्यार्थिनी, दक्षिण सुदानमधल्या त्याच तळावर गावकऱ्यांशी संपर्क ठेवणारी अधिकारी. तिने सांगितले की, चौकशी संपल्याशिवाय तक्रारदाराकडे जायला तिला परवानगी घ्यावी लागेल.

“घे ना मग,” नोर्जमा म्हणाल्या. “परवानगी घेणं आपण सगळेच शिकतोय.”

परवानगी मिळायला तीन दिवस लागले. सुव्द दुभाष्या बाईला घेऊन गेली, गावाबाहेर थांबली, निरोप पाठवला. न्यारुआच स्वतः बाहेर आली आणि तिघी झाडाखाली बसल्या. त्या बोलण्याचा वृत्तांत सुव्दने फोनवर वाचून दाखवला, वाक्य न् वाक्य, कारण बग्श तसाच मागणार हे तिला माहीत होते.

न्यारुआच शेतात होती. तिने गणवेशातला माणूस आपल्या झोपडीतून बाहेर पडताना आणि ताटी लावताना पाहिला. चार वर्षांपूर्वी गणवेशातली माणसे अशीच रिकाम्या घरांत शिरली होती. ज्यांनी घरी परतायचे ठरवले, त्यांच्यासाठी आत कुणीतरी दबा धरून बसलेले होते. तिचा नवरा परतला होता. ताटी नीट लावलेली पाहूनच तिला आत माणूस आहे असे वाटले. नुसता लुटारू कुठे दार लावून जातो? दोन मुलांना घेऊन ती दलदलीत गेली आणि तीन रात्री तिथे राहिली. धाकट्याला ताप भरला, आता तो बरा आहे. परत आल्यावर भांड्यावर पांढरे कडक तुकडे दिसले. ती जादू असावी किंवा विष, म्हणून काठीने ढकलून पुरले. पाण्याचा रांजण फोडला.

रांजण फोडला, या ठिकाणी नोर्जमांनी सुव्दला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले.

मग सुव्दने तिला आमच्याकडची रीत सांगितली होती. न्यारुआचने दुभाष्या बाईला दोनदा विचारले, नीट ऐकलेस ना. नंतर म्हणाली, “मालक नसताना कुणीही घरात येतं आणि तुम्हाला भीती वाटत नाही?”

“नाही वाटत,” सुव्द म्हणाली.

“मी लहान होते तेव्हा आमच्याकडेही असंच होतं. वाटेवरचा माणूस यायचा, दूध प्यायचा, जायचा. आई नंतर विचारायची, कोण येऊन गेलं, पोट भरलं का त्याचं.” मग ती म्हणाली, “त्या पोराची नोकरी घालवून मला काय मिळणार? त्याला सांगा, माझ्या नजरेला पडेल असं उभं राहायचं. बाहेर. मी दिसेपर्यंत.”

“किती लांब?” सुव्दने विचारले. ती नोर्जमांची विद्यार्थिनी होती. आकडा घेतल्याशिवाय उठणार नव्हती.

न्यारुआच उठली, झोपडीच्या दारापासून चालू लागली, मध्ये एकदा वळून पाहिले, आणखी चालली आणि थांबली. सुव्दने पावले मोजली. चाळीस.

चौकशीच्या आदल्या सकाळी कर्नल पुरेवजाव यांचा फोन आला. चौकशी मंडळाचे प्रमुख तेच होते, आणि १९९४ साली नोर्जमांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारेही तेच. सही अजून आलेली नाही, असे त्यांनी नम्रपणे लक्षात आणून दिले. नोर्जमा म्हणाल्या की, सही करणार नाही, स्वतः येऊन बोलणार आहे, आणि काय बोलणार तेही सांगितले. 

“बग्श, पोरगा स्वतः चूक कबूल करतोय. तुम्ही कशाला मध्ये पडताय? ते पाहुण्याचं वाक्य चौकशीच्या कागदात आलं तर तुमच्या पुस्तकाला मंत्रालयात कुणी हात लावणार नाही. एवढी वर्षं घातलीत त्यात.”

“पुरेव, एक सांग मला. तू सहावा पाठ केलायस ना?”

“दोनदा केलाय. एकदा नापास झालो होतो.”

“गस्तीवर आहेस. तहान लागलीय. घर रिकामं. काय केलं असतंस?”

“तहान कितपत आहे त्यावर आहे.”

“खूप.”

“दार?”

“गवताची ताटी. कुलूप नाही.”

कर्नल खाकरले. “गेलो असतो,” ते म्हणाले. “पण हे मी उद्या मंडळासमोर सांगणार नाही.”

“तुला कोण विचारतंय? मला विचार.”

चौकशी लांबट खोलीत झाली. मंडळावर तीन अधिकारी, भिंतीला लागून शारव, टोपी मांडीवर. नोर्जमांना बोलावल्यावर त्यांनी तीन गोष्टी टेबलावर ठेवल्या: पाठाची वही, चौसष्ट कागदांचा तक्ता आणि सुव्दने पाठवलेला न्यारुआचचा जबाब. मग उभ्यानेच बोलल्या. त्यांचे बोलणे सहा मिनिटे चालले.

त्यांनी सांगितले की, परवानगीचा नियम शिकवला होता, तो कागद खरा आहे. पण पहिल्या पाठात त्यांनी दुसरेच शिकवले होते, आणि ते या मुलांना आधीपासून येत होते. “ज्याला जन्मापासून प्रत्येक दाराची परवानगी मिळालेली आहे, त्याला परवानगी घ्या म्हटलं तर तो मान डोलावतो, गुण मिळवतो. त्याला कळलेलं नसतं. मला वाटलं, कळलं. मी कधी विचारलंच नाही.” मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवले. “पुढच्या महिन्यात चौसष्ट जण निघतायत. त्यातले एक्केचाळीस हेच करणार आहेत. याला काढलंत तर त्यांना नियम कळेल असं तुम्हाला वाटतं का? त्यांना एवढंच कळेल की आरूल ठेवायचं नाही.”

मंडळावरच्या तरुण मेजरने विचारले, “म्हणजे दोष तुमचा, असं लिहू?”

“पाठाचा लिहा. पाठ माझा आहे.”

मेजरने तसे लिहिले. कर्नल पुरेवजाव तक्ता बघत होते. ‘चूल पेटवून ठेवीन’ हे उत्तर त्यांनी वाचले असावे, कारण त्यांनी कागद उगाच चेहऱ्यासमोर धरून ठेवला.

शारवला विचारण्यात आले की त्याला काही सांगायचे आहे का. तो म्हणाला की, रांजण फोडल्याचे त्याला आज पहिल्यांदा कळले. पाणी तिथे लांबून डोक्यावर आणावे लागते, हे त्याने पाहिले होते. एवढेच बोलून तो बसला, आणि बसण्याची परवानगी घेतली नव्हती म्हणून पुन्हा उभा राहिला.

निकाल चार दिवसांनी लागला. शारवची हुद्द्याची एक फीत वर्षभरासाठी उतरली, दीड वर्ष परदेशी जाण्यास बंदी. नोकरी राहिली. त्याच आठवड्यात मंत्रालयातून पुस्तक परत आले. सोबतच्या पत्रात पहिल्या प्रकरणाचा ‘सखोल पुनर्विचार’ सुचवला होता. ते प्रकरण नोर्जमांनी आधीच फाडून टाकले होते. बढती हुकली. निवृत्तीही त्यांनी पुढे ढकलली, कारण नवे प्रकरण दुसऱ्या कुणाला लिहू द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्या प्रकरणात आता न्यारुआचचा जबाब आहे, तिच्या परवानगीने. परवानगी देताना तिने अट घातली की, नवऱ्याचे नाव छापू नये आणि रांजणाचे जरूर छापावे.

नुसत्या प्रकरणावर मात्र त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी प्रशिक्षणतळापासून बारा किलोमीटरवर एक गेर उभारायला लावले. खरे, चूल असलेले. सैन्याने विचारले, कशासाठी? पाठासाठी, असे उत्तर गेले. गेर सांभाळायला माणूस हवा होता, आणि ब्लँकेटांची यादी संपलेला एक माणूस कोठारात रिकामा बसलेला होता.

जानेवारीत चौसष्ट जणांची तुकडी तिथवर चालत गेली. उणे बावीस अंश, वारा समोरून. धुराड्यातून धूर निघत होता. आत शारवने चहा उकळत ठेवला होता, मटणाची भांडी झाकली होती, दाराला बाहेरून दोरी बांधली होती आणि तो टेकडीमागे जाऊन बसला होता. चाळीस पावलांवर बर्फात एक दगड ठेवलेला होता. तुकडी दगडापाशी थांबली. कुणीतरी सवयीने ‘कुत्रा धरा’ म्हणून ओरडले. उत्तर नाही. पाच मिनिटे ते तसेच उभे राहिले. सुपाचा वास येत होता. एक जाडजूड सैनिक म्हणाला की, आईला कळलं की आपण शिजलेलं मटण टाकून निघालो, तर ती नाव टाकेल आपलं. दुसऱ्याने विचारले, आत कुणी मरून पडलं असेल तर? तो प्रश्न चांगला होता आणि नोर्जमांनी नंतर त्यावर पूर्ण तास घेतला.

मग तुकडी वळली. हजारेक पावले परत गेल्यावर टेकडीमागून शारव आणि नोर्जमा चालत आले आणि गेरच्या दारात उभे राहिले, सगळ्यांना दिसतील असे. नोर्जमांनी हात वर करून बोलावले. चौसष्ट जण एका गेरमध्ये मावत नाहीत. पाळीपाळीने आत घेतले. त्या दिवशी परीक्षा झाली नाही. निघताना चूल शारवने नव्हे, सैनिकांनीच भरून ठेवली.

तो पाठ आता प्रत्येक तुकडीला असतो. त्या चौसष्ट जणांच्या वर्षभराच्या मुक्कामात घरात शिरल्याची एकही तक्रार आली नाही.  एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, असे नोर्जमा विद्यार्थ्यांना सांगतात.

बंदी संपल्यावर शारवने स्वतःहून अर्ज केला आणि दक्षिण सुदानमधल्या त्याच तळावर गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा नोर्जमांना फोन आला. वेळ दुपारची होती, त्या वह्या तपासत होत्या.

त्याने सांगितले की, सुव्द कॅप्टनची परवानगी घेऊन तो त्या गावी गेला होता. सोबत मातीचा नवा रांजण होता, बाजारातून घेतलेला, बारा किलोमीटर मांडीवर धरून आणलेला. चाळीस पावलांवर तो थांबला. न्यारुआच दारातच काहीतरी कांडत होती. तिने पाहिले आणि कांडत राहिली. तासभर. ऊन फार होते. मग तिने काम संपवले, हात झटकले आणि भोपळाभर पाणी घेऊन चालत आली. तो तिथेच उभ्याने प्याला. रांजण तिने वाजवून पाहिला, ठीक आहे असे दुभाष्याला सांगितले आणि उचलून नेला.

“आत बोलावलं का?” नोर्जमांनी विचारले.

“नाही, बग्श. बरोबरच आहे.”

“दार उघडं होतं?”

“उघडं होतं. पूर्ण.”

“आत काय दिसलं?”

“बघितलं नाही, बग्श.”

नोर्जमांनी ठीक आहे म्हटले, तब्येत सांभाळायला सांगितले आणि फोन ठेवून पुढची वही उघडली.